जमैकातील मोबाइल : मक्तेदारीपासून प्रीपेडपर्यंत

जमैकात दूरध्वनीचा कारभार दीर्घकाळ एकाच कंपनीच्या हाती होता. 1988 मध्ये सरकारने केबल अँड वायरलेसच्या गटाला 25 वर्षांचे एकाधिकार परवाने दिले. मोबाइल हाती असणे ही मग सुखवस्तू घरांची मिरासदारी झाली; येणाऱ्या कॉलचेही पैसे मोजावे लागत, त्यामुळे फोन वाजला तरी खिशाला चाट. 1999 मध्ये मुदत संपण्याआधीच करार बदलला आणि 2000 च्या कायद्याने बाजार टप्प्याटप्प्याने खुला केला.

एप्रिल 2001 मध्ये आयरिश उद्योजक डेनिस ओब्रायन यांची डिजिसेल आली. प्रीपेड कार्ड, सेकंदाप्रमाणे आकारणी आणि येणारा कॉल फुकट, या तीन गोष्टींनी चित्र पालटले. कोपऱ्यावरच्या टपरीतून थोडे थोडे ‘क्रेडिट’ भरणे गरिबालाही परवडू लागले. मक्तेदार कंपनीला हे वेळीच उमगले नसावे.

स्थलांतरितांना हीच प्रीपेड पद्धत सोयीची ठरली. बाहेरून आलेल्याला मासिक करारात न अडकता सिम घेता येते. परदेशातले नातेवाईक तिकडूनच गावाकडचे क्रेडिट भरतात. परदेशातून जमैकात फोन लावताना मात्र जपावे लागते : 876 हा जमैकाचा क्षेत्र-क्रमांक अमेरिकेच्याच क्रमांक-योजनेत मोडतो. न्यूयॉर्कहून तो देशांतर्गत लांब पल्ल्याच्या कॉलसारखाच लागतो, दर मात्र आंतरराष्ट्रीय, आणि नवख्याची फसगत इथेच होते.

पुढे क्लॅरो ही कंपनी आली, पण तिचा व्यवसाय डिजिसेलनेच घेतला. जुनी मक्तेदार कंपनी 2008 मध्ये लाइम आणि 2015 मध्ये फ्लो झाली. त्यामुळे आज मोबाइलसाठी मुख्य निवड डिजिसेल आणि फ्लो या दोघांतच उरते.