मेंदूज्वराचे चित्र

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे गाव निजामी राजवटीत मोमिनाबाद या नावाने ओळखले जाई. तेथील योगेश्वरी शाळेत ज्यांनी अध्यापन केले, त्या स्वामी रामानंद तीर्थांचे नाव धारण करणारे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय तेथे १९७४ साली स्थापन झाले. शहरातील वैद्यविद्या खेड्याच्या दाराशी यावी, हा अशा संस्थेचा अर्थ होय. तथापि काही दुखणी अशी असतात की, त्यांत वैद्य किती कोसांवर आहे यापेक्षा तो किती वेळात भेटतो, यावर सारे अवलंबून असते. हर्पीस सिंप्लेक्स नामक विषाणूमुळे होणारा मेंदूज्वर हे त्यांपैकी एक.

हा विषाणू नागीण उठविणाऱ्या विषाणूचा भाऊबंद. ओठांवर बारीक फोड आणून तो बहुधा गप्प बसतो. परंतु दर दहा लाखांत वर्षाकाठी दोन ते चार माणसांच्या मेंदूस तो ग्रासतो. मग ताप, डोकेदुखी, असंबद्ध बडबड, आप्तांची ओळख न पटणे आणि झटके, ही लक्षणे दिसू लागतात. कानशिलांच्या आत, जेथे स्मृतीचे ठाणे आहे, तेथेच त्याचा मुख्य घाला पडतो. घरच्यांस वाटते, बाहेरची बाधा झाली. आणि मोलाचे दिवस अंगारे-धुपाऱ्यांत जातात. उपचाराविना दहांपैकी सात रोगी दगावत. जे वाचत, त्यांतील पुष्कळांची स्मृती परत येत नसे.

पूर्वी या रोगाची ओळख बहुधा मृत्यूनंतरच पटे. १९४१ साली अमेरिकेत मार्गारेट स्मिथ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा विषाणू मेंदूतून वेगळा काढला, तो चार आठवड्यांच्या एका मृत अर्भकाच्या. राँटगेन यांच्या १८९५ च्या क्ष-किरणांत कवटीचे हाड दिसे, आतला मऊ मेंदू दिसत नसे. वॉल्टर डँडी यांनी १९१८ मध्ये मेंदूच्या पोकळ्यांत हवा भरून, तर पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी १९२७ मध्ये रक्तवाहिन्यांत द्रव सोडून चित्रे घेतली. पण ती रीत सावलीवरून वस्तू ओळखण्यासारखी होती. खात्रीच हवी असेल, तर कवटीस छिद्र पाडून मेंदूचा तुकडा काढावा लागे.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विंबल्डन भागातील रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने एका स्त्रीच्या मेंदूचे चित्र कवटी न उघडता घेतले. हेच सीटी स्कॅन. मात्र या रोगात पहिले काही दिवस ते पुष्कळदा निर्दोष दिसते. ती उणीव एमआरआयने भरून काढली. त्याचा पाया पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये घातला. सुजलेल्या भागात पाणी वाढते, आणि पाण्यातील हायड्रोजनचे संकेत हे चुंबकीय यंत्र टिपते. त्यामुळे कानशिलाआडचा तो भाग, बहुधा एका बाजूस अधिक, उजळ दिसतो. आणि तोही बहुतेकदा पहिल्या दोन दिवसांत.

परंतु औषधावाचून निदान म्हणजे कोरडी सहानुभूती. ते औषध, अॅसायक्लोव्हिर, ह्याच सुमारास हाती आले. जुन्या औषधाशी त्याची तुलना झाली, तेव्हा मृत्यूचे प्रमाण स्वीडनमध्ये १९८४ साली शेकडा ५० वरून १९ वर, आणि अमेरिकेत १९८६ साली ५४ वरून २८ वर आल्याचे दिसले. सर्वच मेंदूज्वरांचे असे नाही. नागपूरनजीकच्या चांदीपुरा गावाचे नाव ज्याला मिळाले, तो १९६५ साली सापडलेला विषाणूही मुलांच्या मेंदूवर घाला घालतो. पण त्यावर असा रामबाण नाही. जेथे इलाज आहे, तेथे उशीर अधिकच अक्षम्य ठरतो.

म्हणूनच आजचा वैद्यकीय नियम असा की, संशय येताच शिरेतून औषध सुरू करावे. एमआरआय व पाठीच्या कण्यातील पाण्याची तपासणी यांसाठी ते अडवून धरू नये. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी दूरदेशी जाणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा नियम फार मोलाचा. अवजड यंत्र प्रत्येक गावी नेता येत नाही. औषधाची कुपी नेता येते. मात्र तापलेला माणूस भलतेच बोलू लागला, तर त्याला देवऋष्याकडे न नेता दवाखान्यात नेण्याची बुद्धी घरच्यांस वेळीच व्हावयास हवी.