खुणा

परवा गावी गेलो होतो. गाव म्हणजे करमाळा तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याकाठचं. शेडच्या कोपऱ्यात आमचं जुनं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन अजून पडून आहे. आता काठावर सगळीकडे विजेच्या मोटारी, त्यामुळे त्याला विचारतो कोण! पण त्याच्यासमोर जरा वेळ बसलो आणि एक जुनी चूक आठवली.

मी तेव्हा आठवीत होतो. ऐन मे महिना, पाणी मागे सरकलेलं आणि उसाला पाण्याची पाळी चुकलेली. त्यातच इंजिन धूर टाकायला लागलं. गावातल्या मिस्त्रींनी ते पूर्ण खोललं. मला काम दिलं होतं पार्ट डिझेलमध्ये धुवायचं. मी इतके चकचकीत धुतले, की मिस्त्रींनी कनेक्टिंग रॉडच्या कॅपवर खडूने केलेल्या १ आणि २ च्या खुणाही पुसून टाकल्या. कारखान्याचे आकडे आधीच कुणीतरी कानस मारून घालवले होते. झालं! दोन रॉड, दोन कॅप आणि कुणाची कुठली, पत्ता नाही.

तुम्ही म्हणाल, दोन्ही सारख्याच तर असतात, कुठलीही लावा. तिथंच तर मेख आहे. रॉड आणि त्याची कॅप एकत्र बोल्टने आवळून मग त्यातलं भोक मशीनवर कापतात. त्यामुळे ते भोक गोल असतं ते फक्त त्याच जोडीत. खाचेला खाच लागते म्हणून कॅप उलटी बसत नाही, पण अदलाबदल सहज होते. आणि झाली, की काही शतांश मिलिमीटरचा फरक पडतो. बेअरिंगमध्ये तेलाला जागाच मुळात तेवढी असते. तेल तुटलं की बेअरिंग जळतं आणि क्रँक बाद होतो.

मिस्त्री रागावले नाहीत. एक जोडी लावली, सांध्यावरून नख फिरवलं. नख अडकलं. कॅप बदलली, नख सरळ गेलं. बोल्ट आवळून हाताने फिरवून पाहिलं, मोकळं फिरलं. मग सेंटर पंच घेतला. एका जोडीच्या रॉडवर आणि कॅपवर एकेक ठिपका, दुसऱ्या जोडीवर दोन-दोन. म्हणाले, "आरं पोरा, खडू डिझेलमधी ऱ्हातोय व्हय? खूण अशी करावी, की धुतली तरी जाऊ नये."

आता थोडा इतिहास. पूर्वी सगळीच यंत्रं अशी होती. कारागीर प्रत्येक भाग शेजारच्या भागाशी घासून जुळवायचा आणि त्यावर खूण करायचा. फ्रान्समध्ये ऑनोरे ब्लाँ नावाच्या माणसाने बंदुकांचे एकसारखे भाग बनवले. कुठलाही उचला, बसतो! १७८५ मध्ये थॉमस जेफरसनने ते स्वतः पाहिलं. अमेरिकेत हे श्रेय एली व्हिटनीला मिळालं. त्याने १८०१ मध्ये वॉशिंग्टनमध्ये असंच प्रात्यक्षिक दाखवलं होतं. गंमत पुढे आहे. १९६० मध्ये इतिहासकार रॉबर्ट वुडबरी याने ही दंतकथा तपासली. व्हिटनीच्या बंदुकांचे भाग एकमेकांत बसत नव्हते, उलट त्यांवर जुळणीच्या खुणा होत्या. जिथे खूण लागते, तिथे भाग एकसारखे नसतात, साधा हिशेब!

खरी परीक्षा १९०८ मध्ये इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्सला झाली. तीन कॅडिलॅक गाड्या खोलल्या, भाग एकत्र मिसळले, पुन्हा तीन गाड्या बांधल्या आणि प्रत्येक ५०० मैल पळवली. तरीही रॉड आणि कॅपची जोडी आजवर सुटलेली नाही. आता तर अनेक गाड्यांच्या इंजिनात रॉड अखंड बनवून मुद्दाम तडकवतात. तडा कसा गेला तीच त्या जोडीची खूण!

हे सगळं मी अण्णांना (माझे थोरले चुलते) सांगत होतो. ते हसले आणि म्हणाले, "वर बघ." घराच्या तुळयांवर छिन्नीने पाडलेले चिरे होते. लहानपणापासून बघत आलो, पण कधी विचारलं नव्हतं.

भीमेवरचं हे धरण १९६६ ला सुरू झालं, १९८० ला पुरं झालं. त्याच सुमारास, १९६४ ते १९६८ मध्ये, इजिप्तमध्ये अबू सिंबेलचं देऊळ धरणाच्या पाण्यातून वाचवायला दगडांवर नंबर टाकून, कापून वर नेलं. आपल्याकडे पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यातच राहिलं, पाणी खूप आटलं की दिसतं. लोकांनी मात्र आपापली घरं खोलून नेली. आमच्या आजोबांनीही सुताराकडून प्रत्येक तुळईवर चिरे पाडून घेतले. पहिलीवर एक, दुसरीवर दोन, असे. खडू नाही, छिन्नी.

मी मोजल्या. एक ते सात. "आणि पुढच्या?"

"आठ ते चौदा धाकट्या आजोबांकडं. त्यांना दुसऱ्या गावठाणात प्लॉट मिळाला. घर एकच हुतं आपलं."

पुढच्या सुट्टीत तिकडे जाऊन आठवी तुळई पाहून येणार आहे.