कर्णधार आणि धर्मगुरू

माईक ब्रिअरली इंग्लंडसाठी ३९ कसोटी सामने खेळले. शतक एकही नाही. मात्र त्यांच्या नेतृत्वाखालील ३१ सामन्यांपैकी इंग्लंडने १८ जिंकले व केवळ ४ गमावले. १९८१ साली इयन बोथम ह्यांनी कर्णधारपद सोडल्यावर ब्रिअरलींना परत बोलावण्यात आले. हेडिंग्लेच्या कसोटीत इंग्लंडवर फॉलोऑन आला. बोथम ह्यांनी नाबाद १४९ धावा केल्या, तरी ऑस्ट्रेलियाला विजयासाठी अवघ्या १३० धावा हव्या होत्या. बॉब विलिस ह्यांनी गोलंदाजीचे टोक बदलून मागितले, कर्णधाराने ते दिले. विलिस ह्यांनी ४३ धावांत ८ बळी घेतले आणि इंग्लंड १८ धावांनी जिंकले.

आपल्या धर्मग्रामात असे टोक मागण्याचे धाडस किती जण करतात? धर्मसंहितेच्या कॅनन ५३६ नुसार पॅरिश कौन्सिलचे मत केवळ सल्ल्याचे असते; निर्णय धर्मगुरूंचाच. मैदानावर कर्णधाराचेही तसेच असते. परंतु अनेक सभांमध्ये धर्मगुरू बोलतात आणि सभासद माना डोलावतात (प्रस्तुत लेखकाच्या सभाही ह्याला अपवाद नव्हत्या). मग गायनवृंदापासून सणाच्या हिशेबापर्यंत सारे धर्मगुरू एकटेच ओढतात आणि त्यांची बदली झाली की काम तिथेच थांबते.