माउंटन बाईकसाठी स्पोक कसे निवडायचे? जाड म्हणजे मजबूत नाही!

नंदनवनहून रामटेकला सायकलने गेलो होतो. परतताना मागच्या चाकातून ‘टिंग’ आवाज आला आणि चाक डुगायला लागलं. गिअरच्या बाजूचा एक स्पोक तुटला होता. एका दुकानात नवा बसवला, तर महिन्याभरात शेजारचा तुटला. मग जाड स्पोक टाकून घेतला. त्याच्याही बाजूचा गेला! तेव्हा कळलं की प्रश्न जाडीचा नव्हताच.

स्पोक का तुटतो?
स्पोक, म्हणजे चाकाची तार, कायम ताणलेली असते. प्रत्येक फेरीत ती जमिनीकडे आली की थोडी सैल होते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. २९ इंची चाक एका फेरीत साधारण २.३ मीटर पुढे जातं. म्हणजे ५० किलोमीटरमध्ये २१ हजारांहून जास्त फेऱ्या! ताण आधीच कमी असेल तर हबजवळचं वळण दर फेरीत हलतं, आणि पुन्हा पुन्हा वाकवलेल्या तारेसारखं तिथेच तुटतं.

निवडताना काय बघाल?

१. प्रकार: प्लेन स्पोक पूर्ण लांबीत सारखा असतो, बहुतेक वेळा २ मिमी. डबल बटेड स्पोकची टोकं २ मिमी आणि मधला भाग १.८ मिमी किंवा त्याहून बारीक. हा बारीक भाग किंचित ताणला जातो, त्यामुळे धक्का शेजारच्या स्पोकांमध्ये वाटला जातो. दगडधोंड्यांच्या रस्त्यासाठी हाच घ्या. रोजच्या वापराला प्लेन चालतो.

२. धातू: स्टेनलेस स्टील, आणि सोबत पितळी निपल. पावसाळ्यात गंजाची कटकट कमी.

३. लांबी: फक्त ‘२९ इंची चाक’ सांगून स्पोक घेऊ नका. लांबी हब, रिम आणि क्रॉसवर ठरते. एकाच चाकाच्या दोन बाजूंतही १-२ मिमीचा फरक असू शकतो. त्याच बाजूचा अख्खा स्पोक काढून वळणाच्या आतून टोकापर्यंत मोजा.

४. डिस्क ब्रेक असेल तर क्रॉस विणच हवी. सरळ लावलेले स्पोक ब्रेकचा पीळ नीट पेलत नाहीत.

मोबाईलने तपासा
गिटार ट्यूनर ॲप उघडा. क्रॉस आणि रिम यांच्या मधल्या भागात स्पोक बोटाने छेडा. एका बाजूचे सगळे स्पोक जवळपास एकाच सुरात वाजले पाहिजेत. ज्याचा सूर खाली, तो सैल. मागच्या चाकाच्या दोन बाजूंचे सूर वेगळे येतात, ते बरोबरच आहे.

माझ्या चाकात चार स्पोक सैल निघाले. शेवटी त्या बाजूचे सगळे १६ बदलले आणि ताण सारखा करून घेतला.

वाटेत एक स्पोक तुटला तर तुकडा शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि हळू घरी या. दोन तुटले तर मात्र उतरा आणि सायकल ढकलत न्या. उतारावर चाक बसलं, तर हेल्मेटही पुरणार नाही.