शस्त्राची फेक आणि फेकीचे शस्त्र

गेल्या पावसाळ्यात आमच्या घरी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा डाव ऐन रंगात आला असता, निष्णात धनुर्धराची भूमिका घेतलेल्या माझ्या भाच्याने कमरेचा खंजीर राक्षसावर भिरकावला, वीस पैलूंचा फासा टाकला आणि धनुर्विद्येबद्दल मिळणारे अधिक दोन या फेकीलाही मिळालेच पाहिजेत, असा आग्रह धरला. डंजन मास्टर मी होतो. २०१४ सालच्या पाचव्या आवृत्तीप्रमाणे हे अधिक दोन ‘रेंज्ड वेपन’ने केलेल्या हल्ल्यालाच मिळतात, हे मी त्याला दाखवले. त्याचा सवाल सरळ होता : वीस फुटांवरून फेकलेला खंजीर जर दुरून मारा करीत असेल, तर तो ‘रेंज्ड’ नव्हे तर काय?

या सवालाचे मूळ मला सापडले ते दुसऱ्याच कामासाठी अग्निपुराणातील धनुर्वेदाचे प्रकरण चाळत असता. तेथे युद्धाची विभागणी शस्त्र कसे सुटते यावरून केलेली आहे : यंत्राने सुटते ते यंत्रमुक्त, म्हणजे गोफण आणि धनुष्य, हाताने सुटते ते पाणिमुक्त, म्हणजे दगड आणि तोमर, सुटूनही सावरले जाते ते मुक्तसंधारित, म्हणजे प्रास, हातातून सुटतच नाही ते अमुक्त, म्हणजे खड्ग, आणि शेवटी बाहुयुद्ध. माझी नजर खिळली ती ‘प्रास’ या शब्दावर. प्र आणि अस् मिळून तो झाला. अस् म्हणजे फेकणे. अर्थात पुढे फेकले जाते ते प्रास. नावाने जे निखालस फेकीचे, ते वर्गवारीत मात्र अर्धे फेकीचे आणि अर्धे हातातले!

या अस् धातूचा पसारा मराठी माणसाच्या तोंडी रोज असतो. अभ्यास, न्यास, संन्यास, समास, व्यास, निरसन या सर्वांच्या पोटी फेकणे, टाकणे हीच क्रिया आहे, आणि ‘अस्त्र’ हा शब्दही त्याच कुळातला. शस्त्र मात्र शस्, म्हणजे हिंसा करणे, यापासून आलेले. मंत्राने सुटते ते अस्त्र, ही आपल्याकडची रूढ समजूत. परंतु नीतिप्रकाशिकेत मुक्त, अमुक्त आणि मुक्तामुक्त यांच्या जोडीला मंत्रमुक्त हा निराळा वर्ग आहे, आणि त्यावरून मंत्र ही सोडण्याची केवळ एक रीत ठरते. अमरकोश शस्त्र आणि अस्त्र यांना एकाच ओळीत समानार्थी म्हणून बसवतो, हा दाखला माझ्या विरुद्ध जातो खरा. पण कोश कवीच्या सोयीसाठी रचलेला असतो, शस्त्रागाराच्या तपशिलासाठी नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

प्रास सावरला कसा जाई? माझा तर्क दोराकडे जातो. मराठ्यांचा विटा हा दोर लावलेला भाला असे; फेकावा, आणि हिसका देऊन मागे ओढावा. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात हे हत्यार आजही पाहावयास मिळते, आणि ते हातून सुटताना पाहिले की मुक्तसंधारित या शब्दाला भाष्याची गरज उरत नाही.

आता खेळाकडे. प्रशियातील राइसविट्झचा युद्धखेळ, वेल्स यांचे १९१३ चे ‘लिटल वॉर्स’, गायगॅक्स आणि पेरेन यांचे १९७१ चे ‘चेनमेल’, आणि १९७४ मध्ये गायगॅक्स व आर्नेसन यांनी सिद्ध केलेला हा खेळ, ही वंशावळ सर्वश्रुत आहे. माझ्या मते गोंधळाचे बीज या युद्धखेळांच्या वहिवाटीत आहे : तेथे अंगलटीची झुंज आणि दुरून होणारा मारा अशी दोनच खाती, आणि ज्याचे दोन्ही खात्यांवर नाव लागावे त्या हत्याराला स्वतंत्र खाते नाही. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीने क्रियेला मान दिला. फेकीचा नेम चपळाईवर, इजा बळावर. पाचवीने वस्तूला मान दिला : हातघाईचे हत्यार फेकले तरी हातघाईचाच गुणांक लागू. म्हणून कुऱ्हाडीची फेक बळावर जाते. खंजिराला मात्र बळ वा चपळाई यांपैकी हवे ते निवडण्याची मुभा आहे. जॅव्हलिन हा भाला तीस फुटांपर्यंत सहज आणि एकशेवीस फुटांपर्यंत कष्टाने जातो, तरीही त्याची नोंद हातघाईच्या खात्यात. आणि हातानेच फेकला जाणारा इवलासा डार्ट मात्र धनुष्याच्या पंगतीला! बळकट योद्ध्यालाही भालाफेक परवडावी एवढाच रचनाकारांचा हेतू होता, असा प्रतिपक्ष आहे, आणि कुऱ्हाडीपुरता तो मला मान्य आहे. पण डार्ट आणि जॅव्हलिन यांची अशी ताटातूट त्याने उलगडत नाही.

मराठीत मात्र हा तिढा दोन शब्दांच्या अदलाबदलीने सुटतो. कलमातील ‘रेंज्ड वेपन’ म्हणजे फेकीचे शस्त्र. भाच्याने केली ती शस्त्राची फेक. खंजीर फेकला तरी तो हातघाईच्या खात्यातलाच राहतो. हल्ला दुरून झाला, हत्यार बदलले नाही. म्हणून माझा फैसला कायम आहे : खंजिराला अधिक दोन नाहीत, आणि त्याच धनुर्धराने त्याच वीस फुटांवरून डार्ट फेकला तर ते मिळतील.