दुर्बिणीची बैठक आणि कार्बन फायबर

वर्धा जिल्ह्यातील आष्टी हे १९४२च्या लढ्यातील हुतात्म्यांचे गाव. तेथून ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम २१ अंश उंच दिसतो. ताऱ्यांची छायाचित्रे टिपणाऱ्यास हा आकडा चांगलाच अडचणीचा ठरतो. पृथ्वी दर सेकंदास १५ विकला फिरते. तितक्याच गतीने दुर्बीण फिरवावयाची, तर बैठकीचा अक्ष ध्रुवाकडे रोखावा लागतो. युरोप-अमेरिकेत हा अक्ष बहुधा ४०-५० अंश कललेला असतो. विदर्भात तो बराच आडवा होतो. मग भार तिवईच्या एका बाजूस झुकतो आणि काउंटरवेटचा दांडा कधी कधी तिवईच्या पायाला अडतो. दुर्बीण हलकी झाली, की काउंटरवेट लहान आणि दांडा आखूड चालतो. कार्बन फायबरचा पहिला लाभ हा.

कार्बनचे सूक्ष्म तंतू इपॉक्सीत बसवून हा पदार्थ तयार होतो. त्याची घनता सुमारे १.६, तर ॲल्युमिनियमची २.७. परंतु त्याचा खरा गुण वजनात नाही. तापमान १० अंशांनी उतरले, की ॲल्युमिनियमची १ मीटर नळी सुमारे ०.२३ मिलिमीटर आखडते. एफ/५ दुर्बिणीत प्रतिमा स्पष्ट राहण्यासाठी कॅमेरा ज्या मर्यादेत असावा लागतो, ती अवघी ०.०७ मिलिमीटर! हिवाळ्यात विदर्भात सायंकाळ ते पहाट इतका उतार नवलाचा नाही. कार्बन फायबर मात्र जवळजवळ आखडत नाही. १९९० साली अंतराळात गेलेल्या हबल दुर्बिणीचे आरसे धरणारा सांगाडाही याच जातीच्या ग्रॅफाइट-इपॉक्सीचा आहे.

तथापि हलके ते स्थिर, असा समज करून घेऊ नये. १ मीटर नळीचे टोक ५ मायक्रॉन सरकले तरी रोख १ विकलेने चुकतो, आणि वाऱ्याला तेवढे पुरते. म्हणून नळी, तिच्या कड्या, लांब पट्टी असे बैठकीच्या वरचे भाग कार्बनचे असावेत. खाली वजनच हवे. कार्बनची तिवई घेतलीच, तर मध्यभागी वाळूची पिशवी टांगावी. कार्बनच्या पट्टीत बोल्ट थेट आवळल्यास थर चिरडतात. भोकात धातूची बुश हवी.

नागपूरजवळचा पेंच व्याघ्र प्रकल्प जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ ठरला. तेथे सामान वाहून नेणाऱ्यास हलकेपणा सुखावेल, यात शंका नाही. पैसे बेताचेच असतील, तर ॲल्युमिनियमची जाड पट्टी वापरावी आणि पारा उतरेल तसा दर तासाला फोकस नव्याने जुळवावा.