लाकडी सामानावरील मंद तकाकी
घरातील लाकूडकामावर दिलेल्या व्हार्निश, शेलॅक, लॅकर इ. पारदर्शक लेपांची चकाकी मुद्दाम कमी करून मिळविलेले रूप. लेपाचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्यास त्यावर पडणारा प्रकाश आरशाप्रमाणे एकाच दिशेने परावर्तित होतो. सूक्ष्म ओरखडे वा उंचवटे असल्यास तो विखुरला जातो आणि पृष्ठभाग मंद दिसतो. चकाकी कमी करण्याच्या सर्व पद्धती याच तत्त्वावर आधारलेल्या आहेत.

सतराव्या शतकात चकाकी ही कष्टसाध्य व म्हणूनच प्रतिष्ठेची गोष्ट होती. जॉन स्टॉकर व जॉर्ज पार्कर यांच्या १६८८ मधील इंग्रजी ग्रंथात लाखेच्या व्हार्निशाचे अनेक थर देऊन ते ट्रिपोलीच्या भुकटीने घासावयाची कृती दिली आहे. साध्या सामानाला मात्र तेल व मेण पुरत असे. टॉमस शेरेटन यांनी १८०३ मध्ये जवसाचे तेल व विटेची पूड, तसेच मेण व टर्पेंटाइन यांचे मिश्रण वापरण्याच्या रीती नोंदविल्या आहेत. त्यांनी येणारी तकाकी मूळचीच सौम्य असे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमध्ये फ्रेंच पॉलिश रूढ झाले आणि चित्र पालटले. स्पिरिटात विरघळविलेली लाख कापडाच्या बोळ्याने अनेक पातळ थरांत चढविली, की लाकूड काचेसारखे चमकते. या हौसेपायी मेण दिलेले कितीतरी जुने सामान खरवडून नव्याने पॉलिश करण्यात आले. शतकभराच्या वापराने आलेला त्याचा रंग त्यात कायमचा गेला. पुढे चकाकी उतरविल्याने तो परत मिळण्यासारखा नव्हता.

या झगमगाटाविरुद्धची प्रतिक्रिया हस्तकलावादी चळवळीत दिसते. अमेरिकेत ‘द क्राफ्ट्समन’ हे नियतकालिक (१९०१–१६) चालविणारे गुस्टाव्ह स्टिकली ओक लाकडाला अमोनियाची वाफ देत. लाकडातील टॅनिनाशी विक्रिया होऊन गडद तपकिरी रंग येई व वर मंद तकाकीचा लेप दिला जाई.

हाताने चकाकी उतरविताना लेप पूर्ण कठीण झालेला असावा लागतो. त्यावर प्यूमिसची भुकटी तेलाबरोबर किंवा पाण्याबरोबर नमद्याने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासतात. पोलादी लोकर व मेणही चालते. कडा व कोपरे येथे लेप पातळ असतो आणि कारागिराची खरी परीक्षा तेथेच होते. हात किंचित जड पडला, तरी लाकूड उघडे पडते. ओकवर पोलादी लोकरीचे कण राहून ओल लागल्यास काळे डाग पडतात.

१९२० नंतरच्या दशकांत फवाऱ्याने देण्याची नायट्रोसेल्युलोज लॅकरे कारखान्यांत आली आणि घासण्याचे श्रम वाचविणे आवश्यक झाले. त्यासाठी लेपातच धातूंचे साबण किंवा सूक्ष्म सिलिका मिसळू लागले. लेप वाळून आकसताना हे कण पृष्ठभाग खडबडीत करतात. ते डब्याच्या तळाशी बसत असल्याने लेप वरचेवर ढवळावा लागतो. असे अनेक थर दिल्यास लाकडाच्या रेषा धूसर होतात; म्हणून खालचे थर चकचकीत व केवळ शेवटचा मंद ठेवणे चांगले.

भारत हा लाखेचा प्रमुख उत्पादक असून महाराष्ट्रातील जुन्या सागवानी सामानावर चपडा लाखेचे पॉलिश सर्रास आढळते. अलीकडे मेलमाइन व पॉलियुरेथेन यांचे मंद प्रकार त्याची जागा घेत आहेत. मंद लेपही जेथे हात वारंवार घासला जातो, तेथे गुळगुळीत होतो. खुर्चीचे हात त्यामुळे काही वर्षांत पुन्हा चमकू लागतात.